भुकेला कोंडा, निजेला धोंडा : विलपॉवर कमी पडते तेव्हा शरीर काय म्हणत असतं?

   

गेले काही महिने तुमचे जे मेसेज येतात ना, त्यात एक शब्द सारखा दिसतो. विलपॉवर. "ताई, दिवसभर डाएट नीट पाळतो, रात्री अकराला फरसाणचा डबा उघडतो. माझ्यात विलपॉवरच नाही." "परीक्षा जवळ आलीय, चार तास झोपून अभ्यास करायचं ठरवलंय, पण पुस्तकावर डोकं टेकतं. विलपॉवर कशी वाढवू?" म्हणून आज याच विषयावर बोलू. आपण जे वागतो, त्यातलं किती आपण ठरवतो आणि किती आपलं शरीर ठरवतं?

आधी एक छोटा प्रयोग करू. गाडी चालवत असाल किंवा पाण्यात असाल तर करू नका, बाकीच्यांनी करा. श्वास रोखून धरा. मी बोलत राहते, तुम्ही धरून ठेवा.

पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच वाटत नाही. मग छातीत जरा अस्वस्थ व्हायला लागतं. मग घसा आवळतो, पोट आत-बाहेर व्हायला लागतं, आणि मी काय बोलतेय याकडे तुमचं लक्षच राहत नाही. डोक्यात एकच गोष्ट, श्वास. बरं, सोडा आता. घ्या श्वास.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला म्हणून जीव घाबरा झाला. तसं नसतं. ऑक्सिजन अजून पुरेसा असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेला श्वासाचा पहारेकरी मुख्यतः त्यावर नजर ठेवून असतो. तो वाढला की घंटा वाजते. आधी हळू, मग जोरात, आणि मग दुसरं काही ऐकूच येणार नाही इतक्या जोरात.

तुम्ही श्वास सोडलात तेव्हा स्वतःला म्हणालात का, "शी, माझ्यात विलपॉवरच नाही"? नाही म्हणालात. कारण श्वासाच्या बाबतीत आपल्याला मान्य आहे की ही शरीराची गरज आहे. मग भूक आणि झोप यांच्या बाबतीत तेच मान्य करायला आपण इतके का कचरतो? आजचा सगळा एपिसोड या एका प्रश्नाचा आहे.

थोडं शास्त्र बघू. घाबरू नका, गीझरवर भागवते. गीझरमध्ये एक ठरलेलं तापमान असतं. पाणी त्याखाली गेलं की आतलं कॉइल सुरू होतं आणि लाल दिवा लागतो. पाणी तापलं की आपोआप बंद. आपलं शरीर असे बरेच गीझर एकाच वेळी सांभाळत असतं. तापमान ३७ अंशांच्या आसपास, रक्तातली साखर, रक्तातलं मीठ-पाण्याचं प्रमाण, सगळं एका पट्ट्यात राहिलं पाहिजे. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने या सांभाळण्याला होमिओस्टॅसिस असं नाव दिलं आणि १९३२ साली त्यावर सामान्य वाचकांसाठी एक पुस्तकही लिहिलं.

यात दोन गोष्टी वेगळ्या करू. एक आहे गरज. शरीरात पाणी कमी झालं, ही गरज. दुसरी आहे ओढ. तहान लागते, पाय माठाकडे वळतात, ही ओढ. गरज शरीरात असते, ओढ मनात उमटते. आणि ही ओढ भलतीच हुशार असते. उन्हातून आल्यावर आपण गटागटा पाणी पितो आणि मिनिटभरात "हुश्श, बरं वाटलं" म्हणतो. पण तेवढ्यात ते पाणी नीटसं रक्तात पोचलेलंही नसतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की पाणी प्यायला लागताच मेंदूतल्या तहानेच्या पेशी जवळजवळ लगेच शांत होतात. म्हणजे मेंदू नुसता मीटर वाचत नाही, पुढचा अंदाजही बांधतो. भुकेचंही तसंच. घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे, १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं. मुख्यतः जठरातून येतं आणि मेंदूला सांगतं, जेवायची वेळ झाली. तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढायला लागतं. रोज एक वाजता डबा उघडणाऱ्याला पावणेएकला भूक लागते ती उगाच नाही.

इथपर्यंत ठीक. पण गरज भागलीच नाही तर काय होतं? दिवसभर नाही, महिनोनमहिने?

याचं उत्तर देणारा एक प्रयोग झाला होता. १९४४ साल. दुसरं महायुद्ध चालू होतं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती. आपल्याकडे बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. युद्ध संपल्यावर या उपासमारीतून उठलेल्या माणसांना परत कसं जेवू घालायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने त्यासाठी स्वयंसेवक शोधले. युद्धात बंदूक उचलायला ज्यांनी सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिला होता, असे तरुण. ४०० हून अधिक जणांनी तयारी दाखवली, त्यातले ३६ निवडले. तब्येतीने ठणठणीत, मनाने खंबीर.

पहिले १२ आठवडे त्यांना भरपूर जेवण, दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी. पुढचे २४ आठवडे जवळजवळ निम्मं. दोन वेळचं जेवण, त्यात बटाटे, सलगम, काळसर पाव, मॅकरोनी असं काहीतरी. आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरवायचं, असं ठरलं होतं.

वजन उतरलंच. पण खरी गोष्ट त्यांच्या डोक्यात घडली. जी मुलं जगातल्या उपाशी लोकांसाठी काहीतरी करायचं म्हणून आली होती, जी राजकारण, धर्म, तत्त्वज्ञान यावर बोलायची, ती हळूहळू फक्त जेवणावर बोलायला लागली. पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. काही जण तर ती जमवायला लागले. ताटात पाणी घालून जेवण वाढवायचं, एकेक घास मिनिटंमिनिटं चघळायचा, शेवटी ताट चाटून पुसायचं. च्युइंगम आणि कॉफी इतकी वाढली की त्यावर बंधन घालावं लागलं. उन्हाळ्यातही थंडी वाजायची. नाडी मंदावली. चिडचिड, उदासी, एकटेपणा. मुलींबद्दलचं आकर्षण जवळजवळ विझलं. विशीतल्या मुलांचं! शरीराने जणू हिशोब मांडला, आत्ता स्वतःचा जीव वाचवायचाय, बाकीचं नंतर. काही जणांनी बाहेर जाऊन चोरून खाल्लं, तेव्हा कुणी एकट्याने बाहेर पडायचं नाही, जोडीनेच जायचं, असा नियम करावा लागला.

आता लक्ष देऊन ऐका. हे लोक कमजोर होते का? विलपॉवरच्या परीक्षेत निवडून आलेली ही माणसं होती. आपल्या तत्त्वासाठी अख्ख्या देशाची नाराजी पत्करलेली. त्यांच्या इच्छाशक्तीला धक्का लागला नव्हता. त्यांच्या मेंदूचा ताबा भुकेने घेतला होता. आपण श्वास रोखला तेव्हा जे मिनिटभरात झालं, तेच इथे सहा महिन्यांत झालं. घंटा वाजत राहिली आणि दुसरं काही ऐकू येईना.

आणि जेवण परत मिळाल्यावर? पहिले १२ आठवडे मोजूनमापून, मग मोकळं. मोकळं मिळाल्यावर काही जण पोट टम्म होईपर्यंत खायचे आणि तरी भूक जायची नाही. पुढे बऱ्याच जणांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सगळं दोन जाडजूड खंडांत मांडलं.

आता आपल्या फरसाणच्या डब्याकडे येऊ. मी तुमच्या डाएटची तुलना थेट मिनेसोटाशी करत नाही. तिथली उपासमार मोठी होती आणि माणसं आधीच सडसडीत होती. पण दिशा तीच असते. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला. वजन उतरलं. वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं, तर भूक वाढवणारी संप्रेरकं अजून चढलेली होती, पोट भरल्याचं सांगणारी उतरलेली होती. डाएट केव्हाच संपलं होतं, लाल दिवा चालूच होता.

म्हणजे दिवसभर काकडी आणि ग्रीन टी वर काढलेल्या माणसाने रात्री अकराला डबा उघडला, तर ती चारित्र्याची परीक्षा नव्हती. सकाळपासून वाजणारी घंटा त्याने शेवटी ऐकली, एवढंच. दुपारी पोटभर वरण-भात-भाजी-पोळी खाल्ली असती तर कदाचित डब्याची आठवणही झाली नसती. इन्स्टाग्रामवर १२०० कॅलरीचा चार्ट टाकणारा तुम्हाला हे सांगत नाही. आणि दिवसभर डोक्यात फक्त खाणं आणि वजन फिरत असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, लपूनछपून खावं लागत असेल, तर रील बघू नका, डॉक्टरांना भेटा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो, झोप आलेल्याला उशाला दगडही चालतो. आजीच्या पिढीने भूक आणि झोप एकाच ओळीत बसवली, आणि ते अगदी बरोबर आहे.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जितका वेळ जागे, तितकं जास्त. ते वाढलं की डोळे जड होतात. झोपलो की ते उतरतं. मग कॉफी काय करते? ॲडेनोसिन ज्या कुलपात बसतं, त्या कुलपात कॅफिन आधी जाऊन बसतं. म्हणजे झोपेची गरज जिथल्या तिथे असते, फक्त घंटेवर उशी दाबून धरलेली असते. आणि हे कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण ५ ते ६ तास लागतात. संध्याकाळी सातची स्ट्राँग कॉफी रात्री बारालाही अर्धी शिल्लक असते.

चार तास झोपणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एक अभ्यास २००३ साली छापून आला. काही लोकांना सलग १४ दिवस रोज ४ तास, काहींना ६ तास, काहींना ८ तास झोपू दिलं. आणि रोज त्यांची एकाग्रता, स्मरण, प्रतिसादाचा वेग मोजला. ८ तासवाले जवळजवळ जागेवर राहिले. ४ आणि ६ तासवाल्यांचं काम दिवसेंदिवस घसरत गेलं. पंधरवडा संपेपर्यंत ६ तासवाल्यांचीही अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. पण यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट वेगळीच आहे. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे.

"मला सवय झालीय चार तासांची" असं म्हणणारे मित्र तुम्हाला अभ्यासिकेत भेटतात ना? सवय झालेली नसते. मोजायची पट्टीच बिघडलेली असते. तेच पान तिसऱ्यांदा वाचताय आणि डोक्यात शिरत नाही, तेव्हा स्वतःला 'ढ' म्हणू नका. झोपा. वाचलेलं मेंदूत पक्कं करण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

आता कुणीतरी म्हणेल, "ताई, म्हणजे शरीर म्हणेल ते सगळं ऐकायचं? मग रात्री दोनपर्यंत रील बघावंसं वाटतं, तेही शरीरच मागतंय ना?"

चांगला प्रश्न आहे. इथे एक बारीक फरक आहे. १९५० च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. उंदराने खटका दाबला की मेंदूच्या ठरावीक भागात हलकी वीज जायची. उंदीर तासाला शेकडो वेळा खटका दाबत राहिले. सगळ्यांना वाटलं, सुखाचं केंद्र सापडलं! पुढे मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी वेगळंच काही दाखवलं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नष्ट झालं होतं, ते समोर अन्न असूनही खायला उठेनात. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की मिटक्या मारायचे. म्हणजे आवडत होतं, पण हवंसं वाटत नव्हतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि डोपामिनचं काम मुख्यतः हवंसं वाटण्याशी आहे.

आता स्वतःला विचारा. सत्तेचाळिसावं रील आवडलं होतं का? की नुसतं पुढचं हवं होतं?

भूक, तहान, झोप या ओढींना एक गोड शेवट असतो. पोट भरतं, तृप्तीचा ढेकर येतो, पुरणपोळीसुद्धा एका मर्यादेनंतर नकोशी होते. पण अंगठ्याने वर सरकवायच्या त्या पडद्याला ढेकर नाही. तिथे ओढ आहे, पण भागेल अशी गरजच नाही. त्यामुळे माझी एक साधी कसोटी आहे. मिळाल्यावर जी ओढ शांत होते, तिच्यामागे बहुतेक वेळा खरी गरज असते. मिळूनही जी शांत होत नाही, तिच्याकडे जरा संशयाने बघा. आणि कितीदा तरी एकीच्या वेषात दुसरी येते. रात्री दोनला फोन हातात असतो, पण शरीर मागत असतं झोप किंवा कुणाशी तरी दोन शब्द बोलणं.

मग माणूस म्हणजे फक्त गीझर आहे का? अजिबात नाही. निर्जळी एकादशी करणारी आजी, रोजा धरून कामावर जाणारा मित्र, यांना भूक लागत नाही असं नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा त्यांच्याही शरीरात हीच घंटा वाजत होती. मिनेसोटातल्या त्या तरुणांपैकी बहुतेकांनीही प्रयोग शेवटपर्यंत नेला. माणूस अर्थासाठी भूक सोसू शकतो. पण सोसणं म्हणजे भूक नसणं नव्हे. उपवास सोडायची वेळ ठरलेली असते, आजूबाजूला आपली माणसं असतात, आणि तो आपण निवडलेला असतो. ज्याने निवडलेला नाही, त्याचं काय?

म्हणून मला शाळेतल्या खिचडीचं फार कौतुक वाटतं. तमिळनाडूने १९८२ साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण बऱ्याच राज्यांत मुलांना नुसतं धान्य मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिजवलेलं गरम अन्नच द्या. वर्गात जांभया देणारं, खिडकीबाहेर बघणारं मूल 'मठ्ठ' आहे असं म्हणण्याआधी ते सकाळी काय खाऊन आलंय हे विचारायला हवं, हे त्यामागचं साधं शहाणपण. आधी पोटोबा, मग विठोबा. आपण ही म्हण चेष्टेने वापरतो, पण अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची जी प्रसिद्ध मांडणी केली, तिचा पायाही थोडाफार हाच होता. पोट रिकामं असलं की बाकीच्या इच्छा मागे सरतात.

आता जाता जाता कामाचं बोलू. पुढच्या वेळी स्वतःवर चिडाल ना, तेव्हा "माझ्यात विलपॉवर नाही" म्हणायच्या आधी चार प्रश्न विचारा. शेवटचं नीट कधी जेवलो? काल किती तास झोपलो? पाणी प्यायलोय का? आज कुणाशी मनापासून बोललोय का? चौथा प्रश्न उगाच घातलेला नाही, माणसाला माणसाचीही भूक असते. या चारांपैकी एकाचं जरी उत्तर 'नाही' किंवा 'आठवत नाही' आलं, तर आधी ते भागवा. मग स्वतःला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. बऱ्याचदा तोवर द्यायची गरजच उरत नाही.

आणि इच्छाशक्ती वापरायचीच असेल, तर घंटा वाजायच्या आधी वापरा. श्वास संपत आल्यावर कुणी शूर नसतं. दुपारचा डबा भरून न्यायला, झोपायच्या आधी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायला, सातनंतरची कॉफी नाकारायला फार थोडी ताकद लागते. रात्री अकराला उघड्या डब्यासमोर लागते ती खूप जास्त, आणि तेव्हा ती आपल्याजवळ नसते.

शेवटचं. हेच चार प्रश्न दुसऱ्यांसाठीही ठेवा. खेकसणारा डिलिव्हरीवाला दादा, संध्याकाळी सहाला चिडलेली आई, लेक्चरला पेंगणारा रूममेट. स्वभाव खराब आहे असा शिक्का मारायच्या आधी विचारा, "जेवलास का?" आपल्या घरांमध्ये हा प्रश्न काळजीने विचारतात, आणि त्याच्यामागे किती शास्त्र आहे ते आज आपण पाहिलं.

तुमच्या चारपैकी कोणता प्रश्न सगळ्यात जास्त अडतो, ते मला मेसेज करून कळवा. पुढच्या भागात चौथ्यावर बोलू, एकटेपणावर. आणि हे ऐकताना रात्रीचे बारा वाजून गेले असतील तर पुढचा एपिसोड लावू नका, झोपा. मी इथेच आहे. भेटू!